फेडणे आणि सोडणे : ख्रिस्ती ऋणमुक्ति-वाङ्मयातील एका अर्थांतराचा विचार

(१)

मत्तयाच्या शुभवर्तमानातील प्रभूच्या प्रार्थनेत क्षमेची याचना ज्या शब्दाने केलेली आहे, तो मूळ ग्रीक शब्द 'ओफेलेमा' हा होय. त्याचा प्रथमार्थ पाप असा नसून देणे, ऋण असा आहे. त्यामागे अरामी भाषेतील 'होबा' हा शब्द उभा असावा, असे अभ्यासक मानतात. त्या एकाच शब्दात पैशाचे देणे आणि देवाजवळचा अपराध असे दोन्ही अर्थ नांदत होते. लूकाने तीच प्रार्थना देताना पूर्वार्धात 'पाप' या अर्थाचा शब्द योजला. परंतु उत्तरार्धात माणसाने माणसाला क्षमा करण्याचा प्रसंग येताच 'ऋणी' हाच शब्द त्यालाही ठेवावा लागला. इंग्रजीत १६११ च्या अधिकृत भाषांतराने मत्तयाचे 'ऋण' कायम राखले. अँग्लिकन उपासनेत मात्र मर्यादेचे उल्लंघन सुचविणारा 'ट्रेस्पासेस' हा शब्द रूढ झाला. प्रचलित मराठी पवित्रशास्त्राने मत्तयाच्या जागी 'ऋण' हे नाम आणि 'सोडणे' हे क्रियापद पत्करले आहे.

या क्रियापदाकडे जितके लक्ष जावयास हवे तितके गेलेले नाही. ऋणाच्या संदर्भात मराठीत दोन सकर्मक क्रियापदे येतात : 'फेडणे' आणि 'सोडणे'. ऋण फेडतो तो ऋणको. ऋण सोडतो तो धनको. दोन्ही क्रियांचा परिणाम एकच, म्हणजे ऋणको मोकळा होतो. परंतु वाक्याचा कर्ता बदलतो, आणि कर्त्याबरोबर जबाबदारीही बदलते. प्रार्थनेतील वाक्यात देव सोडणारा आहे आणि माणूसही सोडणारा आहे. फेडणारा तेथे कोणीच नाही.

विसाव्या शतकाच्या शेवटच्या पंचवीस वर्षांत अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत एक नवा वाङ्मयप्रकार उदयास आला. कर्जातून बाहेर कसे पडावे आणि घरखर्चाचे अंदाजपत्रक कसे आखावे, हे ख्रिस्ती श्रद्धेचे अंग म्हणून शिकविणाऱ्या हस्तपुस्तिकांचे हे वाङ्मय आहे. त्याचा प्रसार मोठा, लाभ खरा आणि सूर आत्मविश्वासाचा आहे. तथापि शास्त्रवचनांचा आधार पावलोपावली घेणाऱ्या या वाङ्मयात 'सोडणे' या क्रियापदाची जागा 'फेडणे' याने जवळजवळ पूर्णपणे घेतली आहे. हे अर्थांतर कसे घडले आणि त्याने काय गमावले, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय होय.

(२)

या वाङ्मयाचे प्रवर्तक म्हणून लॅरी बर्केट यांचे नाव घ्यावे लागते. त्यांनी १९७६ साली 'ख्रिश्चन फायनॅन्शियल कन्सेप्ट्स' ही संस्था स्थापन केली आणि पुस्तके, चर्चमधील वर्ग व नभोवाणी यांच्या द्वारा कौटुंबिक जमाखर्चाचा धर्मविचार घरोघर नेला. हॉवर्ड डेटन यांनी १९८५ मध्ये 'क्राउन मिनिस्ट्रीज' सुरू केली. २००० साली या दोन संस्था एकत्र आल्या. बर्केट २००३ मध्ये निवर्तले. तोपर्यंत नेतृत्व पुढील पिढीतील डेव्ह रॅम्झी यांच्याकडे गेले होते. टेनेसी राज्यातील नॅशव्हिल परिसरात जमीनजुमल्याचा व्यवसाय करणाऱ्या रॅम्झी यांच्यावर १९८८ मध्ये दिवाळखोरीची पाळी आली. त्या अनुभवातून १९९२ मध्ये 'फायनॅन्शियल पीस' हे पुस्तक, १९९४ पासून त्याच नावाचा चर्चमधून चालणारा अभ्यासक्रम आणि २००३ मध्ये 'द टोटल मनी मेकओव्हर' हा ग्रंथ निर्माण झाला.

बर्केट आणि रॅम्झी यांच्या लेखनातील भेद मुख्यतः सुराचा आहे. बर्केट यांचा सूर उपदेशकाचा. रॅम्झी यांचा सूर आखाड्यातील उस्तादाचा. दोघांच्या विचाराचा पाया मात्र एकच : धनाचा मालक देव असून माणूस केवळ त्याचा कारभारी आहे, म्हणून हिशेब न ठेवणे हा निष्काळजीपणा तर खराच, पण त्याहून अधिक विश्वासघात होय. या एका सूत्रातून अंदाजपत्रकाला धार्मिक कर्तव्याचे रूप येते. दर महिन्याच्या आरंभी पती-पत्नींनी एकत्र बसून प्रत्येक डॉलरला नेमून काम द्यावे; खर्चाच्या बाबीनुसार रोख रक्कम वेगवेगळ्या लिफाफ्यांत ठेवावी आणि लिफाफा रिकामा झाला की त्या बाबीवरचा खर्च थांबवावा, ही त्याची प्रत्यक्ष रीत.

रॅम्झी यांनी या साधनेचे सात पायऱ्यांत सूत्रीकरण केले. प्रथम आकस्मिक खर्चासाठी १,००० डॉलर बाजूस ठेवणे. नंतर घराचे गहाण सोडून इतर सर्व कर्ज फेडणे. पुढे तीन ते सहा महिन्यांच्या खर्चाची शिल्लक. मग निवृत्तीसाठी उत्पन्नाचा पंधरा टक्के भाग, मुलांचे उच्च शिक्षण, घराच्या कर्जाची मुदतपूर्व फेड. आणि शेवटी संपत्ती वाढविणे व दान करणे. दशांशदान मात्र शेवटच्या पायरीची वाट पाहत नाही. अंदाजपत्रकात ते आरंभीच मांडले जाते.

(३)

या पद्धतीतील सर्वांत प्रसिद्ध भाग दुसऱ्या पायरीचा. व्याजाचा दर न पाहता सर्वांत लहान कर्ज आधी फेडावे आणि त्याचा मोकळा झालेला हप्ता पुढच्या कर्जाला जोडीत जावे, असा हा क्रम आहे. उतारावरून घरंगळणारा बर्फाचा गोळा जसा वाढत जातो, तशी फेडीची शक्ती वाढते, ही त्यामागील उपमा. गणिताच्या दृष्टीने हा क्रम सदोष आहे. एखाद्या कुटुंबावर दवाखान्याचे बिनव्याजी ५०० डॉलर, क्रेडिट कार्डाचे दरसाल २४ टक्क्यांनी ३,००० डॉलर आणि मोटारीचे ७ टक्क्यांनी ९,००० डॉलर असे देणे असेल, तर हाती आलेले ५०० डॉलर दवाखान्याला देणे म्हणजे कार्डावरील तितक्याच रकमेचे दरमहा १० डॉलर व्याज पत्करणे होय. परंतु रॅम्झी यांचा भरवसा गणितावर नसून मनोधैर्यावर आहे. एक खाते कायमचे बंद झाल्याचा अनुभव माणसाला पुढील खात्याकडे नेतो, हे त्यांचे गृहीत निराधार नाही. डेव्हिड गॅल आणि ब्लेकली मॅक्शेन यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, बंद केलेल्या खात्यांचे प्रमाण हे अखेरच्या यशाचे चांगले गमक असल्याचे दिसून आले.

या यशाचे मर्म व्याकरणाच्या भाषेत सांगता येते. वसुलीच्या पत्रव्यवहारात ऋणको नेहमी कर्माच्या जागी असतो : त्याला कळविले जाते, बजावले जाते, न्यायालयात खेचले जाते. मराठीत तर 'त्याच्यावर कर्ज आहे' या नित्याच्या वाक्यात कर्ज कर्त्याच्या स्थानी आणि माणूस केवळ त्या ओझ्याचे अधिष्ठान बनतो. हस्तपुस्तिका या माणसाला उचलून कर्त्याच्या जागी बसवते. तो लिहितो, ठरवतो, नाकारतो, फेडतो. अनेक वर्षे दूरध्वनीची घंटा ऐकून दचकणाऱ्या घरात हा बदल लहान नव्हे. ज्या जोडप्यांत पैशाविषयी बोलणेच बंद झाले होते, त्यांना महिन्यातून एकदा एका कागदाभोवती बसविणे हेही पुण्यकृत्यच मानले पाहिजे. या वाङ्मयावर टीका करणाऱ्याने हे ऋण प्रथम मान्य केले पाहिजे. ते मान्य न करता केलेली टीका सुस्थितीतल्या माणसाची तुच्छता ठरेल.

(४)

अडचण पद्धतीत नसून तिला दिलेल्या शास्त्राधारात आहे. येथे तीन वचने विशेष महत्त्वाची आहेत.

पहिले वचन नीतिसूत्रांच्या बाविसाव्या अध्यायातील सातवे होय. श्रीमंत गरिबांवर सत्ता गाजवितो आणि ऋणको धनकोचा दास होतो, असा त्याचा आशय. हस्तपुस्तिकांत या वचनाचा उत्तरार्ध घोषवाक्याप्रमाणे येतो आणि त्यातून 'म्हणून कर्ज घेऊ नये' असा निष्कर्ष काढला जातो. परंतु हिब्रू सूक्तिरचनेत दोन चरण एकमेकांना अर्थ पुरवितात. पहिल्या चरणातील श्रीमंत आणि दुसऱ्यातील धनको, पहिल्यातील गरीब आणि दुसऱ्यातील ऋणको हे परस्परांचे प्रतिरूप आहेत. वचन विधिवाक्य नसून निरीक्षण आहे, आणि ते निरीक्षण सत्तेविषयी आहे. येथे मूळ शब्दही बोलका आहे. हिब्रूत कर्ज घेणारा 'लोवे' आणि देणारा 'मल्वे'. दोन्ही एकाच धातूपासून निघालेले असून दुसरे रूप प्रयोजकाचे आहे. म्हणजे रूपरचनेनुसार कर्ज देणारा हा 'कर्ज घ्यावयास लावणारा' ठरतो. व्युत्पत्तीवरून सिद्धान्त उभारणे धोक्याचे असते, हे खरे. पण ज्या भाषेत धनकोचे नावच ऋणकोच्या क्रियेचे प्रयोजक म्हणून घडले आहे, त्या भाषेतील वचनातून धनको वगळून केवळ ऋणकोला उपदेश काढणे, हे त्या वचनाच्या घडणीला धरून नाही, एवढे निश्चित म्हणता येईल.

दुसरे वचन रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या तेराव्या अध्यायातील आठवे. प्रीतीच्या देण्यावाचून कोणाचे काही देणे ठेवू नये, असे पौल सांगतो. हस्तपुस्तिकांना यात कर्जाचा निषेध दिसतो. परंतु लगतच्या आधीच्या वचनात पौल कर, जकात, भय आणि मान ही ज्याची त्याला द्यावीत, असे सांगत आहे. तेथे त्याने वापरलेला देण्याचा शब्द आणि पुढील वचनातील क्रियापद हे एकाच धातूचे आहेत, आणि तोच धातू प्रभूच्या प्रार्थनेतील 'ओफेलेमा' या शब्दातही आहे. म्हणजे वचनाचा रोख सर्व प्रकारच्या कर्तव्यांवर आहे. शिवाय या वाक्याची खरी कलाटणी अपवादात आहे : एक देणे असे आहे की ते कधीच फिटत नाही, आणि फिटू नये. संपूर्ण देणेमुक्त जीवन हा आदर्श पौलाच्या वाक्यात नाही. उलट शेजाऱ्याचे कायमचे देणेकरी राहणे हा आहे.

तिसरा आधार कारभारीपणाचा. या कल्पनेवर सारी इमारत उभी असल्यामुळे शुभवर्तमानातील कारभाऱ्याच्या कथेला येथे मध्यवर्ती स्थान असेल, अशी वाचकाची अपेक्षा होते. लूकाच्या सोळाव्या अध्यायातील ही कथा विलक्षण आहे. नोकरी जाण्याची वेळ आलेला कारभारी धन्याच्या ऋणकोंना बोलावतो, शंभर मापे तेलाच्या रोख्यावर पन्नास लिहावयास लावतो आणि शंभर मापे गव्हाच्या रोख्यावर ऐंशी. धनी त्याच्या धूर्ततेची वाखाणणी करतो. या कथेने भाष्यकारांना शतकानुशतके पेचात टाकले आहे, आणि तिच्यातून सरळ बोध काढणे कठीण, हे मान्य केले पाहिजे. परंतु जमाखर्चाच्या धर्मशास्त्राचे जे प्रमुख पात्र, त्याची सर्वांत सविस्तर गोष्ट ही दुसऱ्यांची कर्जे कमी करण्याची गोष्ट आहे, ही वस्तुस्थिती डोळ्याआड करता येत नाही. हस्तपुस्तिकांतील कारभारी स्वतःच्या खात्याचा हिशेब ठेवतो. लूकाच्या कथेतील कारभारी रोखे बदलतो.

शास्त्रात फेडण्याची बाजू नाहीच, असे मात्र म्हणता येणार नाही. राजांच्या दुसऱ्या पुस्तकात अलीशा संदेष्टा विधवेला तेल विकून कर्ज फेडावयास सांगतो आणि उरलेल्यावर मुलांसह निर्वाह करावयास सांगतो; उसने घेऊन परत न करणाऱ्याची स्तोत्रकर्त्याने निंदाच केली आहे. हस्तपुस्तिकांची चूक ही, की त्यांनी शास्त्राचा एक खरा स्वर घेऊन दुसरा ऐकू येणार नाही इतका तो वाढविला.

(५)

तो दुसरा स्वर नियमशास्त्रात स्पष्ट आहे. अनुवादाचा पंधरावा अध्याय दर सातव्या वर्षी ऋण सोडावयास सांगतो. तेथील हिब्रू धातूचा अर्थच हातातून सोडून देणे असा आहे, आणि आज्ञा धनकोला उद्देशून आहे. ही कायमची माफी की एका वर्षाची स्थगिती, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. आज्ञा कोणाला केली याविषयी नाहीत. सातवे वर्ष जवळ आले म्हणून गरिबाला कर्ज नाकारू नये, असाही इशारा तेथेच दिलेला आहे. लेवीयाच्या पंचविसाव्या अध्यायातील योबेल वर्षाची योजना गेलेली जमीन मूळ कुळाकडे परत आणते. नहेम्याच्या पाचव्या अध्यायात शेते, द्राक्षमळे आणि पोटची मुले गहाण पडल्याचा आक्रोश उठतो, तेव्हा नहेम्या ऋणकोंना काटकसर शिकवीत नाही. तो सरदारांना सभेत बोलावून गहाण परत करावयास लावतो.

या विधानांची अंमलबजावणी सोपी नव्हती. सातव्या वर्षाच्या भीतीने कर्ज मिळणेच थांबू लागले, तेव्हा हिल्लेल या धर्मगुरूने 'प्रोझबुल' नावाची युक्ती प्रचारात आणली. तिच्या योगे ऋण न्यायालयाच्या स्वाधीन होऊन माफीतून वगळले जाई. सोडण्याचीही किंमत असते आणि ती पुढच्या गरजवंताला द्यावी लागते, ही जाण त्या परंपरेला होती. हस्तपुस्तिकांनी हा वाद घालून सोडण्याच्या विरुद्ध निर्णय दिला असता, तर त्याचा विचार करता आला असता. त्यांनी बहुधा हा प्रश्नच उपस्थित केलेला नाही.

हे मौन ज्या काळात घडले, तो काळ ध्यानात घेतला म्हणजे त्याचे महत्त्व कळते. बर्केट यांची संस्था निघाल्यानंतर दोनच वर्षांनी, १९७८ मध्ये, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मार्केट बँकेच्या खटल्यात असा निर्णय दिला, की राष्ट्रीय बँकेला आपल्या मूळ राज्यात चालणारा व्याजदर अन्य राज्यांतील ग्राहकांनाही लावता येईल. त्यामुळे राज्याराज्यांच्या व्याजमर्यादा व्यवहारात पोकळ ठरल्या. सिटीबँकेने १९८१ मध्ये आपला कार्डव्यवसाय दक्षिण डकोटात हलविला, कारण त्या राज्याने व्याजमर्यादा काढून टाकली होती. पुढे २००५ च्या कायद्याने वैयक्तिक दिवाळखोरीचा मार्ग अधिक अरुंद केला. ऋणकोच्या घरातील कागदावर जी आकडेमोड चालली होती, तिचे आकडे अशा रीतीने अन्यत्र ठरत होते.

रॅम्झी यांनी कार्डकंपन्यांना आणि पगारापूर्वी चढ्या दराने उसने देणाऱ्या दुकानांना कठोर शब्दांत फटकारले आहे, हे येथे नमूद केले पाहिजे. परंतु त्या फटकाऱ्यातही धनको हा मोह घालणाऱ्याच्या भूमिकेत येतो. ज्याच्यावर काही कर्तव्य आहे अशा व्यक्तीच्या भूमिकेत येत नाही. मोहापासून दूर राहावयाचे असते. त्याला कोणी आज्ञा करीत नाही. आणखी एक गोष्ट विचार करण्यासारखी आहे. दिवाळखोरीचा कायदा म्हणजे धनकोने ऋण सोडण्याची ऐहिक आणि सक्तीची रीत होय. ज्या लेखकाच्या नव्या आयुष्याच्या आरंभी ती रीत उभी आहे, त्याच्या ग्रंथांचा सारा भार फेडण्यावर पडावा, हा या वाङ्मयातील एक अंतर्गत ताण आहे.

या ताणाचा भार अखेर पडतो तो फेडू न शकणाऱ्या माणसावर. ज्याचे कर्ज चैनीचे, त्याला अंदाजपत्रक तारते. परंतु आजारपणाने, नोकरी गेल्याने किंवा वैधव्याने जो बुडाला आहे, ज्याच्या जमेच्या रकान्यातच काही नाही, त्याला हीच हस्तपुस्तिका मंडळीच्या बाकावर एकटे पाडते. कारभारीपणा ही श्रद्धेची कसोटी ठरली, की न फिटलेले कर्ज श्रद्धेच्या उणिवेचा पुरावा होते. अरामी शब्दात ऋण आणि पाप एकत्र होते ते दोन्ही सोडता यावेत म्हणून; येथे ती दोन पुन्हा एकत्र आली आहेत, परंतु सोडण्याचे क्रियापद मात्र मागे राहिले आहे.

(६)

ख्रिस्ती परंपरेला दुसरे मार्ग ठाऊक नव्हते, असे नाही. फ्रान्सिस्कन साधूंच्या प्रेरणेने पेरुजा येथे १४६२ मध्ये गरिबांना अल्प दराने तारणकर्ज देणारी पेढी निघाली. जॉन वेस्ली यांचे पैशाच्या उपयोगावरील १७६० मधील प्रवचन हस्तपुस्तिकाकारांनाही प्रिय आहे. मिळवा, राखा आणि द्या ही त्याची तीन सूत्रे. पण त्यातील पहिल्याच सूत्राखाली शेजाऱ्याला बुडवून मिळविणे वर्ज्य ठरविताना वेस्ली यांनी गहाणवटीच्या धंद्याचाही निषेध केला आहे. त्याआधी १७४६ मध्ये त्यांनी लंडनमध्ये वर्गणी जमवून गरजूंना लहान रकमा तीन महिन्यांच्या मुदतीने बिनव्याजी देण्याचा निधी उभारला होता. काटकसरीचा उपदेश आणि कर्जाची सोय ही त्यांच्या कार्याची दोन अंगे होती.

जर्मनीत फ्रीड्रिश विल्हेल्म रायफायझन या श्रद्धाळू प्रॉटेस्टंट ग्रामाधिकाऱ्याने १८६४ मध्ये हेडेसडोर्फ येथे स्थापलेली पतसंस्था याहून पुढे गेली. तिचे सभासद एकमेकांच्या कर्जाला अमर्याद जबाबदारीने बांधलेले असत. दुसऱ्याला जामीन राहू नये, असा नीतिसूत्रांचा इशारा हस्तपुस्तिका आवर्जून सांगतात. रायफायझन यांनी तेच जामीनपण शेजारधर्माचे साधन केले. हा प्रयोग हिंदुस्थानातही आला. मद्रास इलाख्यातील फ्रेडरिक निकल्सन यांच्या अहवालाने त्याची शिफारस केली आणि १९०४ मध्ये सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. त्या कायद्याने जी वाट मोकळी झाली, तिच्यावरूनच वसईच्या कॅथलिक समाजात १९१८ मध्ये फादर पी. जे. मोनीस यांच्या पुढाकाराने सहकारी पतसंस्था उभी राहिली. पुढे तिचीच बसीन कॅथलिक बँक झाली. सावकाराच्या पाशातून सोडविण्यासाठी तेथे निराळा धनको निर्माण करण्यात आला.

अलीकडील उदाहरणेही आहेत. जॉन कर्बी यांनी १९९६ मध्ये इंग्लंडमधील ब्रॅडफर्ड येथे स्थापन केलेली 'ख्रिश्चन्स अगेन्स्ट पॉव्हर्टी' ही संस्था अंदाजपत्रक तर शिकवतेच. पण धनकोंशी वाटाघाटी करते, आणि फेड अशक्य असेल तेथे कायदेशीर नादारीच्या मार्गाने ऋणकोला मोकळे होण्यास साहाय्य करते. खुद्द अमेरिकेत वसुलीच्या धंद्यातून बाहेर पडलेल्या दोघांनी २०१४ मध्ये 'आरआयपी मेडिकल डेट' ही संस्था काढली. थकलेली वैद्यकीय देणी बाजारात डॉलरला काही सेंट या भावाने विकली जातात. ती घाऊक विकत घ्यावयाची आणि रुग्णांना माफ करावयाची, हे तिचे काम. कॅन्सस राज्यातील विचिटा येथील एका चर्चने २०१९ च्या ईस्टरला सुमारे २२,००० डॉलर खर्चून सोळाशेंच्या आसपास लोकांची सुमारे २२ लाख डॉलरची देणी अशा रीतीने सोडली. या व्यवहारातील एक बारकावा उद्बोधक आहे. मूळ धनकोने बहुतेक रक्कम केव्हाच सोडलेली असते, पण ती सोडलेली असते बाजाराला; ऋणकोला सोडण्याचे काम तेवढे बाकी असते. ते काम मंडळीने केले, तेव्हा प्रार्थनेतील क्रियापद तिच्या मूळ कर्त्यासह परत आले.

(७)

या प्रकारचे वाङ्मय मराठीत आणू पाहणाऱ्यास पहिल्याच पानावर शब्दांची निवड करावी लागेल. 'कर्ज' हा अरबीतून आलेला व्यवहाराचा शब्द; 'ऋण' संस्कृत, आणि त्याला फार जुने नैतिक वलय आहे. देव, ऋषी आणि पितर यांची तीन ऋणे घेऊनच मनुष्य जन्मतो, ही वैदिक कल्पना मराठी मनात अजून जिवंत आहे. आभार मानताना 'ऋणात राहू इच्छितो' असे मराठी माणूस आनंदाने म्हणतो. 'कर्जात राहू इच्छितो' असे कोणी म्हणणार नाही. पौलाच्या अपवादाला म्हणूनच मराठीत आयते घर मिळते. कर्जाचा निषेध करणाऱ्या इंग्रजी घोषवाक्याचे भाषांतर 'ऋणमुक्त व्हा' असे केले, तर मात्र हे घर मोडते.

'कर्जमुक्ती' या शब्दाचीही तीच गत आहे. महाराष्ट्रात २०१९ मध्ये जाहीर झालेल्या शेतकरी कर्जमुक्ती योजनेसारख्या प्रयोगांमुळे त्या शब्दात शासनाने भार उचलण्याचा अर्थ मुरला आहे. त्याचा शेजारी 'कर्जमाफी' हा तर उघडच सोडण्याच्या बाजूचा. हस्तपुस्तिका जे शिकवते, त्याला मराठीत प्रामाणिक शब्द एकच आहे, आणि तो 'कर्जफेड'. कर्जमाफी मागणारी प्रार्थना म्हणावी, कर्जमुक्तीचे आश्वासन द्यावे आणि शिकवावी कर्जफेड, ही तीन शब्दांतील सरमिसळ इंग्रजीत सहज खपून जाते. मराठीत ती लपत नाही. भाषांतरकाराला येथे गैरसोय वाटेल, पण समीक्षकाला ती उपकारकच आहे.

सारांश, अंदाजपत्रक हे ख्रिस्ती जीवनात निरुपयोगी आहे असे नव्हे. फेडण्यासारखे जे आहे ते फेडण्याची शिस्त हा सत्याचाच एक प्रकार होय, आणि ती शिस्त या वाङ्मयाने लाखो घरांत पोचविली. परंतु शास्त्राच्या नावाने जो ऋणाविषयी बोलतो, त्याने वाक्याचे दोन्ही कर्ते सांभाळले पाहिजेत. ज्या अभ्यासवर्गात ऋणकोंना लिफाफे वाटले जातात, त्याच चर्चच्या बाकांवर घरमालक, बँकेचे अधिकारी, वसुलीचे वकील आणि भागधारकही बसलेले असतात. त्यांच्यासाठी सात पायऱ्यांचे पुस्तक अद्याप कोणी लिहिलेले दिसत नाही. ते लिहिले जाईल तेव्हा त्याची पहिली पायरी कोणती असावी, हे मत्तयाच्या सहाव्या अध्यायात स्पष्ट आहे. आणि मराठी भाषांतरकारांनी त्यासाठी योग्य क्रियापदही आधीच निवडून ठेवले आहे.